आपत्तीतील शस्त्र आणि आत्मसंरक्षणाचा हक्क : कॅटरिना चक्रीवादळाविषयीच्या चार लेखनकृतींची चिकित्सा

प्रास्ताविक

नैसर्गिक आपत्तीत शासनयंत्रणा कोलमडली की नागरिकाने आपल्या जीविताचे व मालमत्तेचे रक्षण कसे करावे, हा प्रश्न राज्यशास्त्र, विधी, समाजशास्त्र आणि साहित्य या चारही विद्याशाखांच्या अभ्यासकांसमोर उभा राहतो. अमेरिकेत हा प्रश्न अधिक तीव्र स्वरूप धारण करतो, कारण तेथील राज्यघटनेच्या १७९१ च्या दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा उल्लेख केला आहे. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळ अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर धडकले. न्यू ऑर्लिन्स शहराचे पूररोधक बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. त्यानंतरच्या काही दिवसांत शहरात ज्या घटना घडल्या, त्यांतून शस्त्रधारण व आत्मसंरक्षण यांविषयीचे विपुल लेखन निर्माण झाले.

प्रस्तुत लेखात या लेखनापैकी चार कृतींचा विचार केला आहे. गॉर्डन हचिन्सन व टॉड मॅसन यांचे 'द ग्रेट न्यू ऑर्लिन्स गन ग्रॅब' (२००७), ए. सी. थॉम्पसन यांचा 'द नेशन' साप्ताहिकातील शोधवृत्तान्त 'कॅटरिनाज हिडन रेस वॉर' (२००८), रिबेका सोलनिट यांचा 'अ पॅराडाइज बिल्ट इन हेल' हा ग्रंथ (२००९) आणि स्कॉट क्रो यांचे आत्मकथनपर पुस्तक 'ब्लॅक फ्लॅग्ज अँड विंडमिल्स' (२०११) या त्या कृती होत. शस्त्र असावे की नसावे, हा वाद या लेखनात वरवर दिसतो. परंतु या कृती एकमेकींसमोर ठेवून वाचल्यास त्या वादाखाली दडलेला एक जुना प्रश्न स्पष्ट होतो. कोणाच्या हातातील शस्त्राला 'आत्मसंरक्षण' म्हणावयाचे आणि कोणाच्या केवळ उपस्थितीलाही 'धोका' म्हणावयाचे, हे कोण ठरवितो? या प्रश्नाला प्रत्येक कृती कितपत भिडते, हाच येथे मूल्यमापनाचा निकष मानला आहे.

घटनाक्रम आणि अफवांचे पर्यावरण

या कृती समजून घेण्यासाठी घटनाक्रमाची थोडक्यात नोंद आवश्यक आहे. ३१ ऑगस्ट २००५ च्या रात्री महापौर रे नागिन यांनी शहरातील सुमारे १,५०० पोलिसांना शोध व बचावकार्य सोडून लूटमार रोखण्याकडे वळविले. त्या वेळी अनेक लोक घरांच्या छपरांवर अडकलेले होते. राज्यपाल कॅथलीन ब्लँको यांनी इराकहून परतलेल्या सैनिकांच्या बंदुका भरलेल्या आहेत आणि ते त्या चालविण्यास मागेपुढे पाहणार नाहीत, अशा आशयाचा जाहीर इशारा दिला. पोलीसप्रमुख एडी कॉम्पास व महापौर यांनी दूरचित्रवाणीवर सुपरडोम क्रीडागारातील बलात्कार व हत्यांची भीषण वर्णने केली. सप्टेंबरअखेरीस 'टाइम्स-पिकायून' या स्थानिक दैनिकाने या वर्णनांची छाननी केली, तेव्हा त्यांतील बहुतेक निराधार ठरली. सुपरडोममध्ये सहा मृतदेह मिळाले होते. त्यांपैकी चार मृत्यू नैसर्गिक होते, एक अमली पदार्थाच्या अतिसेवनाने झाला होता आणि एक आत्महत्या असावी, असे दिसून आले.

भाषेचा प्रश्नही येथे दुर्लक्षित करता येत नाही. पुराच्या पहिल्या दोन दिवसांत दोन वृत्तसंस्थांची दोन छायाचित्रे प्रसिद्ध झाली. दोन्हींत छातीभर पाण्यातून खाद्यवस्तू घेऊन जाणारे लोक होते. कृष्णवर्णीय तरुणाच्या चित्राखाली त्याने दुकान 'लुटल्याचे' लिहिले होते, तर गौरवर्णीय जोडप्याच्या चित्राखाली त्यांना वस्तू 'सापडल्याचे'. एका क्रियापदाच्या निवडीतून एक माणूस पूरग्रस्त ठरतो आणि दुसरा गुन्हेगार. पुढे बंदुकांच्या बाबतीत जे घडले, त्याची पूर्वसूचना या दोन क्रियापदांत आहे.

८ सप्टेंबर रोजी शहर प्रशासनाने नागरिकांकडील बंदुका काढून घेण्याची घोषणा केली. यापुढे केवळ कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्यांजवळच शस्त्रे राहतील, असे पोलीसप्रमुखांनी सांगितले. मात्र व्यापारी आस्थापनांनी व श्रीमंत रहिवाशांनी नेमलेल्या शेकडो खासगी सुरक्षारक्षकांना ही बंदी लागू झाली नाही. नॅशनल रायफल असोसिएशन व सेकंड अमेंडमेंट फाउंडेशन या संस्था न्यायालयात गेल्या आणि २३ सप्टेंबर रोजी संघीय न्यायालयाने जप्तीस तात्पुरती मनाई केली. आपल्याकडे जप्त बंदुका असल्याचे शहर प्रशासनाने प्रथम नाकारले. मार्च २००६ मध्ये मात्र एक हजाराहून अधिक बंदुका ताब्यात असल्याचे त्यास मान्य करावे लागले. २००८ मध्ये हा दावा तडजोडीने मिटला.

हचिन्सन व मॅसन : जप्तीचा दस्तऐवज आणि त्याची मर्यादा

हचिन्सन व मॅसन यांचे पुस्तक हे या शस्त्रजप्तीचे शस्त्रधारकांच्या बाजूने लिहिलेले कथन आहे. त्याचे महत्त्व नाकारता येणार नाही. पोलिसांना दूरध्वनी लागत नाही, शेजारी निघून गेले आहेत, वीज नाही, अशा वेळी घरात एकट्या राहिलेल्या माणसाकडून त्याचे कायदेशीर शस्त्र पावतीही न देता काढून घेणे हा शासकीय सत्तेचा गैरवापरच होता. शासनाने संरक्षण द्यावयाचे नाही आणि स्वसंरक्षणाचे साधनही ठेवू द्यावयाचे नाही, ही विसंगती पुस्तकाने ठळकपणे पुढे आणली. व्यक्तिस्वातंत्र्याची चाड असणाऱ्या कोणत्याही वाचकास हा मुद्दा पटावा.

तथापि या पुस्तकाचे उपशीर्षकच त्याची मर्यादा दर्शविते. 'अराजकतेकडे घसरण' असा त्याचा आशय आहे. शहर अराजकतेच्या गर्तेत गेले होते, प्रत्येक घराबाहेर टोळ्या फिरत होत्या, म्हणून बंदूक हवी, अशी या भूमिकेची तर्करीती आहे. आता ज्या पोलीसप्रमुखाने बंदुका जप्त केल्या, त्याचाही तर्क नेमका हाच होता : शहरात अराजक आहे, म्हणून बंदुका काढून घेतल्या पाहिजेत. म्हणजे जप्ती करणारे आणि जप्तीचे विरोधक एकाच गृहीतावर उभे आहेत. त्यांच्यात मतभेद आहे तो फक्त उपायाविषयी. लुटारू जमावाची जी प्रतिमा शस्त्रजप्तीला कारणीभूत झाली, तिची तपासणी न करता जप्तीवर टीका करणे म्हणजे झाडाचे मूळ तसेच ठेवून फांदी छाटण्यासारखे आहे. शिवाय खासगी सुरक्षारक्षकांना सूट मिळाली, ही बाब केवळ शस्त्रहक्काच्या चौकटीत पुरेशी उलगडत नाही. तेथे संपत्ती व वर्ण यांचा विचार अपरिहार्य ठरतो.

सोलनिट : 'अभिजनांची घबराट'

रिबेका सोलनिट यांचा ग्रंथ या गृहीतावरच आघात करतो. १९०६ चा सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप, १९१७ चा हॅलिफॅक्सचा स्फोट, १९८५ चा मेक्सिको शहराचा भूकंप, ११ सप्टेंबर २००१ चा न्यूयॉर्कवरील हल्ला आणि कॅटरिना अशा पाच आपत्तींच्या आधारे त्या दाखवितात की, संकटात बहुसंख्य सामान्य माणसे परस्परांना मदत करतात. घबराट उडते ती प्रामुख्याने सत्ताधाऱ्यांची. त्यासाठी त्यांनी कॅरन चेस व ली क्लार्क या अभ्यासकांनी रूढ केलेली 'अभिजनांची घबराट' ही संकल्पना वापरली आहे. १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर यूजीन श्मिट्झ यांनी लूटमार करताना आढळणाऱ्यास ठार मारण्याचा अधिकार सैनिकांना व पोलिसांना दिल्याचे जाहीर केले होते. २००५ चे न्यू ऑर्लिन्स हे त्याच मानसिकतेचे पुढचे रूप होय, अशी सोलनिट यांची मांडणी आहे. आपत्ती-समाजशास्त्रातील चार्ल्स फ्रिट्झ, एनरिको क्वारंटेली, कॅथलीन टिअर्नी आदींच्या संशोधनाचा भक्कम आधार या मांडणीस आहे.

सोलनिट यांच्या ग्रंथामुळे चर्चेचा पाया बदलला, हे मान्य केले पाहिजे. मात्र एक शंका उरते. जमावाविषयीची भीती खोटी होती, हे त्या समर्थपणे सिद्ध करतात. परंतु त्या खोट्या भीतीने सशस्त्र होऊन रस्त्यावर उतरलेल्या माणसांची भीती ज्यांना वाटली, त्यांची भीती तर खरी होती. १ सप्टेंबर रोजी मिसिसिपी नदीवरील पुलावरून चालत पलीकडे जाऊ पाहणाऱ्या पूरग्रस्तांना ग्रेटना या उपनगराच्या पोलिसांनी अडविले आणि त्यांच्या डोक्यांवरून गोळ्या झाडल्या. अशा वेळी परस्परसाहाय्याची भावना कितीही उदात्त असली तरी ती गोळी अडवू शकत नाही. सोलनिट यांचा भर सहकार्याच्या शक्यतेवर आहे. पीडितांनी केलेल्या सशस्त्र आत्मसंरक्षणाचा प्रश्न त्यांच्या मांडणीच्या केंद्रस्थानी येत नाही. ग्रंथाच्या आशावादाची ही किंमत आहे, असे म्हणावे लागते.

थॉम्पसन : आत्मसंरक्षणाच्या नावाखाली शिकार

ही उणीव ए. सी. थॉम्पसन यांचा शोधवृत्तान्त काही अंशी भरून काढतो. अल्जिअर्स पॉइंट ही नदीच्या पश्चिम तीरावरील, प्रामुख्याने गौरवर्णीयांची वस्ती. ती पुरापासून वाचली होती आणि तिच्याजवळच्या धक्क्यावरून पूरग्रस्तांना बाहेर नेले जात होते. त्यामुळे पूरग्रस्तांना या वस्तीच्या रस्त्यांवरून जाणे भाग होते. वस्तीतील काही रहिवाशांनी बंदुका घेऊन रस्ते अडविले व पहारे बसविले. थॉम्पसन यांच्या शोधानुसार तेथे किमान ११ जणांवर गोळ्या झाडल्या गेल्या. गोळी लागलेले सर्व पुरुष कृष्णवर्णीय होते आणि गोळी झाडणारे गौरवर्णीय असावेत, असे दिसते.

या वृत्तान्ताचे बलस्थान असे की, तो आत्मसंरक्षण या शब्दाची कसोटी घेतो. बंदूकधारी रहिवासी स्वतःस घरांचे रक्षक समजत होते. त्यांच्या दृष्टीने त्या वस्तीतून चालणारा अनोळखी कृष्णवर्णीय माणूस हाच धोक्याचा पुरावा होता. त्या माणसाने काही करण्याची आवश्यकता उरली नव्हती. विधिशास्त्रात आत्मसंरक्षणासाठी तातडीचा, वाजवी व प्रत्यक्ष धोका अपेक्षित असतो. येथे 'वाजवी भीती' हे पदच वर्णभेदाने ग्रासलेले होते. या प्रकरणांतील एका आरोपीस शिक्षा होण्यास २०१९ साल उजाडावे लागले. शस्त्रजप्तीविरुद्धचा न्यायालयीन आदेश पंधरवड्यात मिळाला, तर गोळी लागलेल्यास न्यायासाठी सुमारे तेरा वर्षे वाट पाहावी लागली. या दोन कालावधींची तुलना कोणत्याही भाष्यापेक्षा अधिक बोलकी आहे.

वर्दीतील शस्त्राचीही हीच कथा आहे. ४ सप्टेंबर २००५ रोजी डॅन्झिगर पुलावर पोलिसांनी सहा निःशस्त्र नागरिकांवर गोळीबार केला. त्यांत दोघे मृत्युमुखी पडले. आपल्यावर आधी गोळीबार झाला, असा पोलिसांचा दावा होता. तो खरा भासावा म्हणून एका अधिकाऱ्याने घरातील एक बंदूक आणून ती घटनास्थळी सापडल्याची नोंद केली, हे पुढे उघड झाले. २०११ मध्ये पाच अधिकारी दोषी ठरले. सरकारी वकिलांच्या गैरवर्तनामुळे २०१३ मध्ये तो निकाल रद्द झाला आणि २०१६ मध्ये आरोपींनी गुन्हा कबूल केल्यावर कमी मुदतीच्या शिक्षा झाल्या. ज्यांच्या हाती शस्त्र नव्हते त्यांच्या नावावर शस्त्र चढविल्याशिवाय गोळीबाराचे समर्थन होत नव्हते, ही बाब लक्षणीय आहे.

क्रो : पडवीतील बंदूक

स्कॉट क्रो यांचे पुस्तक या चर्चेत वेगळी साक्ष नोंदविते. माजी ब्लॅक पँथर कार्यकर्ते मलिक रहीम अल्जिअर्समध्येच राहत. त्यांच्या मदतीच्या हाकेला प्रतिसाद देऊन क्रो टेक्सासहून तेथे पोहोचले. सशस्त्र गौरवर्णीय टोळ्यांपासून वस्तीचे रक्षण करण्यासाठी रहीम, क्रो व त्यांचे काही सहकारी बंदुका घेऊन घराच्या पडवीत पहाऱ्यास बसले. त्याच दिवसांत, ५ सप्टेंबर रोजी, 'कॉमन ग्राउंड' या मदतसंस्थेचा जन्म झाला. तिने लवकरच दवाखाना, अन्नवाटप व घरदुरुस्ती ही कामे हाती घेतली. म्हणजे येथे शस्त्र व सेवा एकाच अंगणात नांदत होती.

या कथनामागे लुइझियानाचा इतिहास आहे. १३ एप्रिल १८७३ रोजी याच राज्यातील कोलफॅक्स येथे गौरवर्णीयांच्या सशस्त्र जमावाने कृष्णवर्णीयांचे हत्याकांड केले. त्यातून उद्भवलेल्या खटल्यात १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसरी घटनादुरुस्ती केवळ संघीय शासनावर बंधनकारक असल्याचे सांगितले. त्यामुळे नवमुक्त कृष्णवर्णीयांचा शस्त्रहक्क राज्य व जमाव यांच्या मर्जीवर राहिला. १९६४ मध्ये जोन्सबरो येथे स्थापन झालेल्या 'डीकन्स फॉर डिफेन्स' या संघटनेने नागरी हक्क कार्यकर्त्यांचे सशस्त्र रक्षण केले, तेही याच राज्यात. शस्त्रहक्क हा केवळ एका राजकीय पक्षाचा वा एका वर्णाचा वारसा नाही, हे यावरून दिसते.

क्रो यांच्या पुस्तकाचे मोठेपण असे की, बंदुकीने त्यांचा पहारा शक्य झाला तरी ते तिचे गौरवगान करीत नाहीत. शस्त्रासोबत येणारी मर्दुमकीची नशा व अनर्थाची शक्यता ते जाणतात. परंतु आत्मकथनाच्या मर्यादाही येथे आहेत. हा एका सहभागी व्यक्तीचा अनुभव आहे आणि एका पडवीवरील यशावरून सर्वसाधारण नियम काढता येत नाही. दुसरे असे की, क्रो हे स्वतः गौरवर्णीय आहेत. त्या रस्त्यावर बंदूक घेऊन उभ्या असलेल्या कृष्णवर्णीय माणसाकडे पोलिसांनी ज्या नजरेने पाहिले असते, ती नजर क्रो यांच्या वाट्यास येण्याचा संभव कमी होता. शस्त्र समान असले तरी त्याची जोखीम समान नसते, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

कायद्याने दिलेले उत्तर

कॅटरिनानंतर कायद्याने या प्रश्नाचा कोणता भाग ऐकला, हे पाहणे उद्बोधक ठरेल. सिनेटर डेव्हिड व्हिटर यांनी मांडलेली सुधारणा जुलै २००६ मध्ये सिनेटने ८४ विरुद्ध १६ मतांनी संमत केली आणि ऑक्टोबर २००६ मध्ये तिला कायद्याचे रूप आले. त्यानुसार आपत्तीकाळात संघीय अधिकाऱ्यांना किंवा संघीय निधीवर काम करणाऱ्यांना नागरिकांची कायदेशीर शस्त्रे जप्त करता येत नाहीत. बचाववाहनात प्रवेश देताना शस्त्र तात्पुरते जमा करण्याची अट मात्र घालता येते. पुढे २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शस्त्रधारण हा व्यक्तिगत हक्क असल्याचे सांगितले आणि २०१० मध्ये तो राज्यांवरही बंधनकारक ठरविला. २०१२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील संघीय न्यायालयाने, आणीबाणी जाहीर होताच घराबाहेर शस्त्र नेण्यास मनाई करणारा राज्याचा कायदा घटनाबाह्य ठरविला.

या कायद्यांनी हचिन्सन व मॅसन यांच्या प्रश्नाला उत्तर दिले. अल्जिअर्स पॉइंटच्या रस्त्यावर गोळी लागलेल्याच्या प्रश्नाला दिले नाही. बंदूक हिरावली जाणाऱ्याचा हक्क स्पष्ट झाला. परंतु बंदूक रोखली जाणाऱ्यास आपत्तीकाळात कोणते विशेष संरक्षण आहे, याविषयी २००६ चा कायदा मौन पाळतो.

अफवा व शस्त्र यांचे नाते आजही संपलेले नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळानंतर नॉर्थ कॅरोलायनात मदतकर्मचाऱ्यांना सशस्त्र टोळी शोधत असल्याची वार्ता पसरली आणि संघीय आपत्ती संस्थेने काही भागांतील काम थांबविले. पुढे एका सशस्त्र इसमास अटक झाली व तो एकटाच होता, असे स्थानिक पोलिसांनी सांगितले. एकाच्या बंदुकीची टोळी झाली आणि तेवढ्या काळापुरती मदत खोळंबली.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने

कॅटरिनाच्या जेमतेम एक महिना आधी, २६ जुलै २००५ रोजी, मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर आपल्याकडे न्यू ऑर्लिन्सशी तुलना करून मुंबईकरांच्या माणुसकीचा अभिमानाने उल्लेख होत असे. तो अनाठायी नव्हता, पण ही तुलना सरळ नाही. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगता येत नाही. खासगी संरक्षणाचा हक्क मात्र भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता व १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये तो कायम आहे. म्हणजे आपल्याकडे आत्मसंरक्षणाचा हक्क आहे, शस्त्राचा घटनात्मक हक्क नाही. तरीही २००१ चा गुजरातचा भूकंप व २००४ ची त्सुनामी या दोन्ही प्रसंगी मदतवाटपात दलितांशी भेदभाव झाल्याच्या नोंदी आहेत. कोण आपद्ग्रस्त आणि कोण उपद्रवी, ही वर्गवारी करण्यासाठी बंदूकच लागते असे नाही, हे यावरून ध्यानात येते.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतील.

१. २००५ ची शस्त्रजप्ती अन्यायकारक होती आणि तिच्याविरुद्धची तक्रार न्याय्य होती. मात्र या तक्रारीचे प्रमुख कथन जप्तीमागच्याच भीतीवर उभे असल्याने ते अपुरे ठरते.

२. सोलनिट यांनी ती भीती निराधार असल्याचे दाखवून चर्चेस योग्य वळण दिले. तथापि भीतीपोटी सशस्त्र झालेल्यांपासून पीडितांनी कसे वाचावे, याचे पुरेसे उत्तर त्यांच्याकडे मिळत नाही.

३. थॉम्पसन व क्रो यांच्या कृती एकत्र वाचल्यास 'आत्मसंरक्षण' हा शब्द एकाच वस्तीत परस्परविरुद्ध अर्थांनी वापरला गेल्याचे दिसते. त्या दोन अर्थांत भेद करण्याचा निकष शस्त्राच्या मालकीत सापडत नाही. धोका प्रत्यक्ष होता की कल्पिलेला, या तपासणीत तो सापडतो.

४. म्हणून आपत्तीकाळातील शस्त्रहक्काविषयीचा कोणताही कायदा वा लेखन, बंदूक रोखली गेलेल्या माणसाची बाजू विचारात घेतल्याशिवाय पूर्ण मानता येणार नाही.

राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राने २०२३ मध्ये सुधारलेल्या अहवालात कॅटरिनाच्या बळींची संख्या १,३९२ दिली आहे. त्यांतील अनेक पाण्याने व वेळेवर मदत न मिळाल्याने गेले. लुटारूंच्या भीतीने ज्या रात्री १,५०० पोलीस बचावकार्यातून काढले गेले, त्या रात्री छपरांवर वाट पाहणाऱ्यांना नावांची गरज होती. या विषयावरील पुढील अभ्यासाने त्या रात्रीपासून सुरुवात करावी, असे वाटते.